खानदेशात सुवार्तेच्या दौऱ्यासाठी मिश्र तरुण टीम तयार करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांचे तरुण संघ दिवाळीच्या आसपास आउटरीचची, म्हणजे सुवार्तेच्या दौऱ्याची, आखणी सुरू करतात, आणि तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आमची भूमिका आधीच सांगतो. टीम गावात जाते ती तिथल्या मंडळीची पाहुणी म्हणून. आणि टीममधल्या ज्या मुलामुलींना तिथली बोली येते, त्यांनी पुढे असावं, बाकीच्यांनी त्यांच्या मागे चालायला शिकावं. तयारीचा बराचसा भाग या दोन गोष्टी अंगी बाणवण्यातच जातो.

बहुसांस्कृतिक टीम म्हणजे परदेशी पाहुणे असलेली टीम का?

नाही. एकही परदेशी नसताना आपल्या टीम पुरेशा मिश्र असतात. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतली मल्याळी, तमिळ, तेलुगू घरं, नवापूर-विसरवाडीकडची मावची मुलं, धडगाव-शहाद्याकडची पावरा, अक्कलकुवा-तळोद्याची भिल्ल, धुळे-अमळनेरची अहिराणी बोलणारी, नगरकडून बदलीवर आलेल्या शिक्षक-नर्सताईंची मुलं. कधी बायबल कॉलेजात शिकणारा नागालँडचा किंवा मिझोरमचा एखादा भाऊही असतो. हे सगळे एका क्रूझरमध्ये बसतात तेव्हा वेळ पाळणं, मोठ्यांशी बोलणं, जेवण, मोठ्याने की हळू आवाजात प्रार्थना, प्रत्येक गोष्टीत फरक निघतो. "आपण सगळे प्रभूचे, आपल्यात फरक कसला?" असं म्हणून तो झाकू नका. झाकलेला फरक तिसऱ्या दिवशी, सगळे दमलेले असताना, वर येतो.

मग मुद्दाम मिश्र टीम कशाला? एकाच बोलीची टीम सोपी नाही का?

सोपी आहे, आणि काही गावांसाठी तीच योग्य असते. पण प्रेषितांची कृत्ये, अध्याय १३ उघडून पाहा. अंत्युखियाच्या मंडळीतले पुढारी कोण होते? कुप्रचा बर्णबा, नीग्र म्हटलेला शिमोन, कुरेनेकर लूक्य, मांडलिक हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन आणि तार्सचा शौल, म्हणजेच पौल. पौल आणि बर्णबाला पाठवलं ते या मिश्र मंडळीने. गावकऱ्यांनाही हे दिसतं. पावरा मुलगा आणि रेल्वे कॉलनीतली मुलगी एकाच ताटात जेवताना दिसली, की भाषणात जे सांगायचं त्यातलं अर्धं आधीच सांगून झालेलं असतं.

तयारीला किती वेळ द्यावा?

निदान तीन महिने, आठवड्यातून एकदा. शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी उपासनेनंतर. एका दिवसाच्या सेमिनारवर भागवू नका. पहिला महिना एकमेकांची ओळख आणि वचन. दुसऱ्यात भाषा, गाणी, साक्ष (स्वतःच्या विश्वासाचा अनुभव सांगणं). तिसऱ्यात कायदा, आरोग्य, सामान आणि सराव. निघण्याआधी जवळच्या एखाद्या मंडळीत दोन रात्रींचा मुक्काम करा. तिथे स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणं टीमनेच करायचं. कोण न सांगता उठून भांडी घासतो आणि कोण मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतो, हे मुलाखतीत कळत नाही, तिथे कळतं.

टीममध्ये कोणाला घ्यायचं?

गाणं येतं, गिटार येते, बोलायला चटपटीत आहे, एवढ्यावर निवड होते आणि तिथेच घोळ होतो. स्वतःच्या घरात आणि मंडळीत त्याचं वागणं कसं आहे, हे त्याच्या पाळकांना विचारा. मोठ्या माणसाचं ऐकतो का? "मला माहीत नाही" म्हणू शकतो का? ज्याला घर टाळायचं आहे किंवा डोंगर बघायचा आहे, त्याला प्रेमाने थांबवा. दहा-बारा जण पुरे. त्याहून मोठा घोळका लहान पाड्यावर उतरला तर तिथल्या घरांवर जेवणाचा भार पडतो आणि गावही बुजतं.

आमच्याकडची आदिवासी मुलं बैठकीत बोलतच नाहीत. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

ती बोलत नाहीत कारण बैठक अस्खलित मराठीत किंवा इंग्रजीमिश्रित मराठीत चालते, आणि जो आधी बोलतो त्याचंच खरं धरलं जातं. शाळेपासून त्यांच्या बोलीला हसलेलं त्यांनी ऐकलेलं असतं. मग कामं वाटताना त्यांच्या वाट्याला सामान उचलणं, वाट दाखवणं आणि शेवटच्या दिवशी "तुमचा नाच करून दाखवा" एवढंच येतं. हे अन्यायाचं आहे. ते तसंच ठेवून गावात प्रीतीवर बोलायला जाणं शोभत नाही.

एका सराव बैठकीत चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्याची, गोष्ट नाटुकलीत बसवायची होती. मराठी छान बोलणाऱ्यांनी भूमिका वाटून घेतल्या. धडगावकडच्या एका मुलीला गाढवाला धरून उभं राहायचं काम दिलं. बैठक चालवणाऱ्या ताईंनी सगळ्यांना खाली बसवलं आणि त्या मुलीला म्हणाल्या, "बाई, तू सांग, तुमच्याकडे माणूस असा वाटेत पडला तर काय करतात?" ती थोडी थांबली. मग उठली, कोपऱ्यातला बांबू आणला, चादरीची दोन टोकं त्याला गाठी मारून बांधली आणि झोळी तयार केली. एका मुलाला आत झोपवलं. दोघांच्या खांद्यावर बांबू देऊन सांगितलं, चढावर डोकं पुढे, उतारावर पाय पुढे. रस्ता नसलेल्या पाड्यावरून आजारी माणसाला दवाखान्यात असंच नेतात. तिच्या घरच्यांनी नेलं होतं. खोलीत कोणी बोलत नव्हतं. गाढव त्या नाटुकलीतून गेलं, झोळी आली, आणि गोष्ट पावरी बोलीत सांगायचं काम त्या मुलीकडे गेलं.

करण्यासारखं आणखी: वर्तुळात बसून पाळीपाळीने बोला, मध्येच कोणी तोंड घालायचं नाही. चर्चा आधी दोघा-तिघांत होऊ द्या. प्रार्थना ज्याने त्याने आपल्या बोलीत करावी, बाकीच्यांना कळली नाही तरी चालेल. आणि दौऱ्याचा निदान एक दिवस पूर्णपणे स्थानिक बोलीच्या मुलांच्या हाती द्या, निर्णयांसकट.

कार्यक्रम कोणत्या भाषेत करावा?

गावाला जी जवळची त्या भाषेत. तुमची मराठी लोकांना समजते म्हणून ती पुरेशी आहे असं धरू नका. बाजारात चालणारी भाषा आणि आई ज्या भाषेत रागावते ती भाषा वेगळी असते. लुस्त्र नगरात काय झालं ते प्रेषितांची कृत्ये, अध्याय १४ मध्ये आहे. पौलाने पांगळ्याला उभं केलं, लोक लुकवनी भाषेत ओरडू लागले की देव माणसांच्या रूपाने उतरले. बैल आणि हार वेशीपाशी आले तेव्हा कुठे पौल-बर्णबाला प्रकार उमगला. गर्दीत काय बोललं जातंय हे कळणारा माणूस सोबत नसेल, तर प्रेषितांचीही अशी गत होते.

दुभाष्याबरोबर बोलण्याचा वेगळा सराव करा. एका वेळी एकच छोटं वाक्य, मग थांबायचं. यमक, कोट्या, क्रिकेटचे दाखले गाळायचे. दुभाष्याला आदल्या दिवशीच सगळं सांगायचं आणि तो "असं इथे बोलू नका" म्हणाला तर वाद घालायचा नाही. नवा करार मावचीत आणि अहिराणीतही मिळतो. तो बरोबर ठेवा, आणि वाचायला त्याच बोलीच्या मुलाला उभं करा.

गाणी कोणती घ्यायची?

थोडीच घ्या, पण पाठ असू द्या. प्रत्येकाने दुसऱ्याच्या भाषेतलं एक गाणं शिकावं. केरळच्या घरातल्या मुलाने मावची गीत म्हटलं तर म्हातारी माणसंही टाळ्या वाजवून साथ देतात. मराठी उपासनेला ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या (१८६१–१९१९) अभंगांची मोठी पुंजी आहे. आपल्या तरुणांना ती फारशी माहीत नसते, ती शिकवा. टाळ-ढोलकीवर ती गावात लगेच रुजते. पारंपरिक ढोल आणि पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याबद्दल मात्र तिथल्या मंडळीला आधी विचारा. काही ठिकाणी ती वाद्यं आनंदाने वाजतात, काही ठिकाणी जुन्या विश्वासणाऱ्यांनी ती विचार करून सोडलेली असतात. तो निर्णय त्यांचा. तीन दिवसांच्या पाहुण्यांनी त्यात पडू नये.

साक्ष कशी तयार करायची?

तीन मिनिटांत, खरी आणि साधी. "मी फार वाईट होतो" हे रंगवून सांगायची गरज नाही. कोणाच्या देवाबद्दल, पूजेबद्दल, जातीबद्दल एकही वावगा शब्द नको. हे भीतीपोटी सांगत नाही. समोरची माणसं आदराला पात्र आहेत म्हणून सांगतो. आपल्या आशेचं कारण सौम्यतेने आणि आदराने सांगा, असं पेत्राने पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलं आहे. आधी टीमसमोर साक्ष सांगा आणि दुसऱ्या समाजातल्या मित्राला विचारा, "तुला कुठे खटकलं का?"

कायद्याचं काय? आपल्याला असं जाता येतं का?

येतं. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात हेही स्पष्ट केलं, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. दोन्ही गोष्टी टीममधल्या प्रत्येकाला माहीत हव्यात.

आपल्याकडे आणखी एक मुद्दा आहे. आपण सीमेवर राहतो. नवापूरच्या रेल्वे स्थानकाच्या मधूनच महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते; शहाद्याहून खेतियाला गेलं की मध्य प्रदेश लागतो. गुजरातमध्ये २००३ चा, २०२१ मध्ये कडक केलेला, आणि मध्य प्रदेशात २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा, म्हणजे धर्मांतरावर बंधनं घालणारा कायदा, आहे. नातेवाइकांच्या पाड्यावर म्हणून सहज पलीकडे गेलात तरी तिथला कायदा लागू होतो. म्हणून दौऱ्याची गावं कागदावर लिहा, हद्दीच्या अलीकडची कोणती आणि पलीकडची कोणती ते पाहा, आणि निघण्याआधी ओळखीच्या वकिलांना टीमसमोर बोलवून त्या वेळी लागू असलेले नियम समजून घ्या.

आमचा शिरस्ता असा: बाप्तिस्मा हा टीमचा विषयच नाही. कोणी विचारलं तरी "तुमच्या इथल्या पाळकांशी बोला" एवढंच सांगायचं. कार्यक्रम कोणाच्या जागेत आहे, त्यांची परवानगी आहे का, सरपंच आणि पोलीस पाटलांना कळवलं आहे का, ध्वनिक्षेपकाची परवानगी आहे का, हे स्थानिक मंडळीने आधी पाहिलेलं असावं. डोंगरातली बहुतेक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात आणि १९९६ च्या पेसा कायद्यामुळे तिथे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. गावाला नको असेल तर जाऊ नका.

परदेशातून आलेले मित्र टीममध्ये चालतील का?

टुरिस्ट व्हिसावर आलेल्याने धर्मप्रसाराच्या कामात भाग घेऊ नये; त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. "तो फक्त गाणं म्हणेल" ही पळवाट शोधू नका. तो मंडळीत भेटायला, उपासनेला जरूर येऊ दे. कोणाच्या घरी उतरणार असेल तर यजमानाने २४ तासांच्या आत ठरलेला फॉर्म भरून सरकारला कळवायचं असतं. परदेशातून येणाऱ्या देणगीला २०१० चा एफसीआरए कायदा लागू आहे. नोंदणी नसलेल्या मंडळीने किंवा तरुण संघाने असे पैसे घेऊ नयेत, तेही कोणा एकाच्या खात्यात तर मुळीच नाही.

आजाऱ्यांसाठी प्रार्थना करावी का?

करावी, त्याने किंवा घरच्यांनी सांगितलं तर. डोक्यावर हात ठेवण्याआधी विचारावं. "बरं होईलच" असं वचन देऊ नये, आणि "औषध बंद कर" हे शब्द कोणाच्याही तोंडून निघता कामा नयेत. चमत्काराने रोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ पासून कायद्याने बंदी आहे, आणि महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. पण कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं, कारण प्रश्न जिवाचा आहे.

नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आढळतो. हातपाय आणि सांधे ठणकून रडणाऱ्या मुलाला प्रार्थनेबरोबर पाणी, ऊब आणि दवाखाना लागतो. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे आणि १०८ ची गाडी कुठपर्यंत येते, हे टीमप्रमुखाच्या वहीत लिहिलेलं हवं. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय आहे, तेही लक्षात असू द्या.

आणि हे फार थोडे जण विचारतात: टीममधल्याच कोणाला सिकलसेल आहे का? एकांतात, नाव बाहेर न फोडता विचारा. असा मुलगा नक्कीच येऊ शकतो. पण तोरणमाळच्या डिसेंबरच्या थंडीत त्याला जास्तीचं पांघरूण हवं, चढावर वरचेवर पाणी हवं, आणि सामान दुसऱ्याने उचलायला हवं. तो स्वतःहून "मी थकलो" म्हणणार नाही. त्याच्याबरोबर एक जोडीदार नेमा.

सोबत कपडे, वह्या, औषधं वाटली तर?

सुवार्तेच्या कार्यक्रमात काहीही वाटू नका. देणं आणि सांगणं एकत्र आलं की घेणाऱ्याला वाटतं आपण काहीतरी देणं लागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं हे आमिष आहे. मदत करायचीच असेल तर ती स्थानिक मंडळीमार्फत, वेगळ्या वेळी, कोणताही धर्म न पाहता. औषधं तर डॉक्टरशिवाय कोणीच द्यायची नाहीत.

जेवणा-कपड्यांचं कसं सांभाळायचं?

लूकच्या दहाव्या अध्यायातला नियम पुरेसा आहे: जे पुढे वाढतील ते खा, आणि घरं बदलत फिरू नका. धुळ्या-जळगावकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा, डोंगरात भगर किंवा मक्याची भाकर आणि उडदाची डाळ. तिखट झेपत नसेल तर आधीपासून सवय करा, ताटावर तोंड वाकडं करू नका. कोणाच्या ताटात काय आहे यावर टीममध्ये शेरेबाजी चालणार नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगा. ईशान्येकडच्या भावाला हे फार सोसावं लागतं. त्यालाही सांगा की महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे. कोणी मोहाची दारू पुढे केली तर हात जोडून नम्रपणे नको म्हणा. कपडे साधे, अंगभर. फाटक्या जीन्स घरी ठेवा.

मुली येणार असतील तर आईवडिलांना काय सांगावं?

सगळं. कुठे झोपणार, सोबत कोण ताई आहे, शौचालय आहे का, नेटवर्क कुठे मिळत नाही. १८ वर्षांखालच्या प्रत्येकाची लेखी संमती घ्या. मुलींची झोपायची सोय घरात, दोन वडीलधाऱ्या बायकांसोबत. पाळीच्या दिवसांची सोय टीमच्या सामानातच असावी, कोणाला मागावी लागू नये. लहान मुलांबरोबर कोणीही मोठा माणूस एकटा राहणार नाही, हा नियम सगळ्यांना लागू, पाळकांनाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याने (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "मंडळीची बदनामी होईल" म्हणून दाबता येत नाही.

टीममध्येच भांडण झालं तर?

होईल. कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही. सात जण निवडून वाटणीचं काम त्यांच्याकडे दिलं, आणि त्या सातांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांचं दुखणं होतं त्यांच्याच माणसांच्या हाती कारभार गेला. तुमच्याकडेही मावची मुलं म्हणाली की आम्हालाच रोज पाणी भरायला लावतात, तर कामाची यादी त्यांनाच करायला द्या. रोज रात्री झोपण्याआधी पंधरा मिनिटं बसा आणि मनातलं बोला. तरीही दोघांचं जमलंच नाही, तर त्यांना वेगवेगळ्या गावी पाठवा. पौल आणि बर्णबाही मार्कावरून वेगळे झाले होते.

कधी जावं?

तारीख तिथल्या पाळकांना ठरवू द्या. पावसाळ्यात सातपुड्यातले रस्ते तुटतात. मेमध्ये भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि गुजरातेत जातात, मग पाड्यावर म्हातारे आणि लहान मुलंच उरतात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात गर्दी असते, पण तो लोकांचा सण आहे, तिथे पत्रकं वाटायला जाऊ नका.

कोणी विरोध केला, अडवलं तर?

टीममधल्या एकानेच बोलायचं, शक्यतो स्थानिक मंडळीतल्या वडिलांनी. आवाज चढवायचा नाही, व्हिडिओ काढत बसायचं नाही, मुलींना आणि लहानांना आधी तिथून हलवायचं. "जा" म्हणाले तर निघायचं. पोलिसांनी विचारलं तर खरं सांगायचं. ओळखपत्रं, संमतिपत्रं आणि गावांची यादी जवळ असू द्या. आपण परत येतो, पण ती मंडळी तिथेच राहते. आपल्या हट्टाची किंमत त्यांना मोजावी लागते.

फोटो आणि रील्स?

प्रार्थना करणाऱ्या, रडणाऱ्या, आजारी माणसाचे फोटो नाहीत. मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीत. गावाचं नाव टाकून काहीही पोस्ट करू नका. यासाठी दौऱ्यात सगळ्यांनी मोबाईल टीमप्रमुखाकडे ठेवावेत आणि संध्याकाळी घरी बोलण्यापुरते घ्यावेत, असं आम्ही सुचवतो.

परत आल्यावर काय?

आठवडाभरात टीमने पुन्हा बसावं, आणि त्या बैठकीला यजमान मंडळीतल्या कोणाला तरी बोलवावं. तुमचं काय चुकलं ते त्यांना विचारा, आणि उत्तर देताना ते भिडेखातर गोड बोलणार नाहीत असं वातावरण ठेवा. गावातल्या कोणाचा फोन आला तर बोला, पण तिथल्या पाळकांना कळवून. मुलामुलींनी एकमेकांत परस्पर नंबर देऊ-घेऊ नयेत. "पुढच्या वर्षी शाळेसाठी काहीतरी करू" अशी आश्वासनं दिली असतील तर ती वहीत लिहून काढा आणि कोण पुरी करणार त्याचं नाव समोर लिहा. पै-पैचा हिशेब पावत्यांसकट मंडळीसमोर मांडा. उरलेली रक्कम पुढच्या टीमच्या प्रवासखर्चासाठी जमा करा, म्हणजे डोंगरातल्या मुलांना भाड्याअभावी मागे राहावं लागणार नाही.